क्राकूफहून एका दिवसात: सुवोशोवा की झालिप्ये?

पोलंडमध्ये क्राकूफला मुक्काम आहे, एक दिवस मोकळा आहे आणि खेडं बघायचंय, तर दोन नावं पुढे येतात. सुवोशोवा शेतांसाठी, झालिप्ये रंगवलेल्या घरांसाठी. सुवोशोवा ही स्वतःच एक ग्रामीण ग्मिना, म्हणजे काही गावांचा मिळून एक स्थानिक कारभार. झालिप्ये ओलेस्नो ग्मिनेत येतं.

सुवोशोवाचा ड्रोनमधून काढलेला फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो: सुमारे ९ किलोमीटर लांब एकच रस्ता, दुतर्फा घरं आणि घरांमागे दूरवर गेलेल्या शेताच्या चिंचोळ्या पट्ट्या. रस्त्यावर उभं राहून मात्र यातलं फारसं काही दिसत नाही. गाडीतून उतरा आणि घरांमागच्या चढाला लागा. एका पट्टीत बटाटा, तिला चिकटून गहू, पलीकडे स्ट्रॉबेरी. कुणाचं वावर कुठे संपलं ते पिकाच्या रंगावरूनच कळतं. पोलंडमध्ये १९५६ नंतर कम्युनिस्ट सरकारचा सामुदायिक शेतीचा रेटा ओसरला आणि बहुतेक जमीन कुटुंबांकडेच राहिली, म्हणून अशी वाटणी आजही जमिनीवर वाचता येते. मला हाच इथला खरा वारसा वाटतो. पिएस्कोवा स्कावाचा १४व्या शतकातला किल्लाही याच ग्मिनेत, तोही बघून होतो.

झालिप्येची गोष्ट चुलीपासून सुरू होते. घरांना धुराडी नव्हती, भिंती काजळीनं काळवंडायच्या. बायका त्यावर चुन्याचे ठिपके द्यायच्या. पुढे त्या ठिपक्यांची फुलं झाली. इथल्या चित्रकार फेलित्स्या त्सुरिवोवा (१९०४–१९७४) यांचं घर आता संग्रहालय आहे. तिथे भिंतीच नाही, तर चूल आणि छतही फुलांनी भरलंय. सजवलेल्या घरांची स्पर्धा १९४८ पासूनची.

अडचण अंतराची. सुवोशोवा क्राकूफपासून साधारण ३० किलोमीटर. झालिप्येला तार्नूफ शहरापर्यंत रेल्वे आहे, पण पुढच्या साधारण ३० किलोमीटरसाठी स्वतःची गाडी असलेली बरी. शिवाय घरं विखुरलेली, एका गल्लीत सगळं मिळत नाही.

शेतीशी नातं असेल तर डोळे मिटून सुवोशोवा, आणि तेही जूनमध्ये. कापणीनंतर पट्ट्यांचे रंग उरत नाहीत. रांगोळी किंवा भिंतीवरच्या चित्रांत जीव रमत असेल तर झालिप्येचा लांबचा फेरा जरूर करा. कॉर्पस क्रिस्टी या मे-जूनमधल्या कॅथलिक सणानंतर लगेच गेलात तर उत्तम. स्पर्धा त्याच सुमारास असते आणि फुलं नव्यानं रंगवलेली असतात.