पीथमपूर की साणंद?

सकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरात उभं राहिलं की पीथमपूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या ओळीनं दिसतात. माझा पुतण्या त्यातल्याच एकीत असतो, मांडीवर डबा, डोकं खिडकीला टेकलेलं. त्यामुळे विजेच्या गाड्यांचा नवा कारखाना आमच्या मध्य प्रदेशात येणार की गुजरातेत जाणार, हा आमच्या घरातला प्रश्न आहे.

गुजरातची बाजू भक्कम आहे, हे मान्य करायलाच हवं. २००८ मध्ये टाटांची नॅनो बंगालमधलं सिंगूर सोडून साणंदला आली, तिच्यामागून सुटे भाग बनवणारेही आले. हालोलला एमजी, हंसलपूरला सुझुकीची विजेवरची ई-विटारा, तीही २०२५ पासून परदेशी निघालेली. मुंद्रा, पिपावाव बंदरं हाताशी. आपल्याला समुद्रच नाही. पीथमपूरजवळच्या तिहीच्या डेपोत भरलेला कंटेनर किनाऱ्यापर्यंत न्यायचा खर्च रोजचा, सवलती मात्र ठरावीक वर्षांच्या.

पण पीथमपूरला नॅट्रॅक्स हे गाड्यांचं चाचणी केंद्र आहे. ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक! भर वेगात बॅटरी किती तापते, एका चार्जमध्ये गाडी किती पळते, हे कारखान्याच्या दारातच तपासता येतं. शिवाय आयशर आणि फोर्सच्या कारखान्यांमुळे ट्रक-व्हॅन जोडणारे सराईत हात इथं आहेत, आणि असे हात जाहिरात देऊन एका वर्षात मिळत नसतात.

जमीन, वीजदर यांत दोन्ही सरकारं घासाघीस करतीलच.

निर्यातीची कार असेल तर मीही साणंदच म्हणेन. विजेची बस किंवा मालवाहू गाडी असेल, तर पीथमपूरच. तिचं गिऱ्हाईक देशातच आहे, बंदर लागतंय कशाला?