साठीनंतर कॅल्शियम: गोळीतून की ताटातून?

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, हाडांची झीज वेगाने सुरू होते, आणि बहुतेक घरांत याच सुमारास आईच्या किंवा सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात कॅल्शियमची गोळी येते. ती एकदा सुरू झाली की वर्षानुवर्षे चालू राहते. रोजच्या जेवणातून किती कॅल्शियम मिळते हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हाडांच्या दृष्टीने ही गोळी निरुपद्रवी मानली जात असली, तरी हृदयाच्या बाजूने तिच्याविषयी गंभीर प्रश्न विचारले गेले आहेत. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी गोळी आणि आहार या दोन्ही मार्गांची तुलना करणे आवश्यक आहे.

प्रश्नाची सुरुवात न्यूझीलंडमधून झाली. ऑकलंड येथे 1471 वयस्कर स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना रोज 1 ग्रॅम कॅल्शियम आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी पाच वर्षे देण्यात आली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कॅल्शियम घेणाऱ्या गटात हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद अधिक आढळली. याच संशोधकांनी 2010 मध्ये अकरा चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा ड जीवनसत्त्वाविना नुसते कॅल्शियम घेणाऱ्यांमध्ये झटक्याचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्यांच्या हिशोबाप्रमाणे 1000 जणांनी पाच वर्षे गोळी घेतली, तर 26 अस्थिभंग टळतील, पण हृदयविकाराचे 14 झटके जास्त येतील. मनगटाचे हाड मोडणे आणि हृदयविकाराचा झटका यांचे वजन सारखे नसते, हे लक्षात घेतले तर हा व्यवहार फायद्याचा म्हणता येत नाही.

याविरुद्धचा पुरावाही तितकाच नीट वाचला पाहिजे. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या चाचणीत 36,282 स्त्रियांचा समावेश होता. निम्म्या स्त्रियांना रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 400 युनिट ड जीवनसत्त्व सुमारे सात वर्षे देण्यात आले. एकूण आकडेवारीत हृदयविकार वाढल्याचे दिसले नाही. चाचणीपूर्वी स्वतःहून कॅल्शियम न घेणाऱ्या स्त्रियांचा हिशोब न्यूझीलंडच्या संशोधकांनी 2011 मध्ये वेगळा मांडला, तेव्हा धोका थोडा वाढलेला दिसला. मात्र असा गट मागाहून वेगळा काढणे अनेक तज्ज्ञांना मान्य नव्हते. 2015 मध्ये वयस्कर स्त्रियांवरील चाचण्या पुन्हा एकत्र तपासल्या गेल्या आणि त्यांत वाढ आढळली नाही. 2016 मध्ये अमेरिकेतील अस्थिविकार व हृदयरोग क्षेत्रांतील दोन संस्थांनी संयुक्तपणे सांगितले की, आहार आणि गोळ्या मिळून रोजचे कॅल्शियम 2000 ते 2500 मिलिग्रॅमच्या आत असेल, तर हृदयाच्या दृष्टीने ते सुरक्षित मानावे.

धोका सिद्ध झालेला नाही, आणि तो नाहीच असेही खात्रीने म्हणता येत नाही. अशा वेळी गोळीमुळे पदरात किती पडते, यावर निर्णय अवलंबून ठेवणे मला योग्य वाटते. आणि घरी राहणाऱ्या, हिंडत्याफिरत्या स्त्रीच्या बाबतीत हा लाभ फार तुटपुंजा आहे. वरील अमेरिकी चाचणीत खुब्याच्या हाडाची घनता जेमतेम एका टक्क्याने जास्त राहिली, खुब्याच्या अस्थिभंगात ठाम म्हणता येईल अशी घट झाली नाही आणि मुतखड्याचे प्रमाण मात्र 17 टक्क्यांनी वाढले. वृद्धाश्रमातील, उन्हात न जाणाऱ्या, अपुरे जेवणाऱ्या स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे. फ्रान्समध्ये 1992 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा स्त्रियांना कॅल्शियमसोबत 800 युनिट ड जीवनसत्त्व दिल्यावर खुब्याचे अस्थिभंग लक्षणीय घटले.

आहारातील कॅल्शियमबाबत हृदयाची अशी शंका सहसा घेतली जात नाही. गोळी घेतल्यावर रक्तातील कॅल्शियम काही तास चढलेले राहते, तर जेवणातून ते हळूहळू शोषले जाते. त्या चढावामुळे रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचत असावे, असा एक कयास आहे. हाडांच्या बाजूनेही आहार कमी पडत नाही. ऑस्ट्रेलियातील 60 वृद्धाश्रमांत दूध, दही आणि चीज वाढवून केलेल्या चाचणीत एकूण अस्थिभंग 33 टक्क्यांनी आणि खुब्याचे 46 टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष 2021 मध्ये आले. त्या ताटात प्रथिनेही वाढली होती, आणि ती गोळीतून मिळत नाहीत.

आता आपल्या घरचा हिशोब करून पाहू. भारतात रजोनिवृत्तीनंतर रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. दिवसभराच्या चहातले 100 मिलिलिटर दूध सुमारे 120 मिलिग्रॅम देते, वाटीभर दही 180, पन्नास ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरी साधारण तेवढेच, दोन चमचे तिळाची चटणी शंभराच्या आसपास आणि डाळ-भाजी मिळून आणखी शे-दीडशे. बेरीज सातशेच्या आसपास जाते. नाचणी आणि तिळातले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि पालकातले तर फारच थोडे. पण रात्री एक पेला दूध वाढवले की उरलेली तूट बरीच कमी होते. दूध पचत नसेल तर ताक किंवा काट्यांसकट खाल्ली जाणारी छोटी मासळी चालते.

तरीही तूट राहिली तर गोळी जरूर घ्यावी, पण तुटीपुरतीच. पाकिटावर ‘1250 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट’ असे लिहिलेले असते. त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम 500 मिलिग्रॅम असते आणि हिशोबात तोच आकडा धरायचा. कार्बोनेट स्वस्त आहे, पण ते जेवणासोबतच घ्यावे लागते आणि रोज अ‍ॅसिडिटीची गोळी घेणाऱ्यांना ते नीट शोषले जात नाही. अशांसाठी कॅल्शियम सायट्रेट बरे. एका वेळी 500 मिलिग्रॅमहून अधिक घेऊ नये आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. मुतखडा होऊन गेलेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबासाठी थायझाइड गटातील औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये.

ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे, निदान होऊन त्यावरची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदाचे इंजेक्शन सुरू असलेल्या स्त्रियांना हा सगळा हिशोब जसाच्या तसा लागू नाही. त्या औषधांना शरीरात पुरेसे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व असावे लागते, त्यामुळे त्यांनी हृदयाच्या भीतीने आपल्या मनाने कॅल्शियम बंद करू नये. पुढच्या तपासणीला जाताना आठवडाभराच्या जेवणाची नोंद सोबत न्यावी आणि गोळीचे प्रमाण तिच्यावरून ठरवून घ्यावे.