साधा एन-९५ की नॅनो-लेपाचा मास्क?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आशा स्वयंसेविका असलेल्या वहिनींसमोर प्रश्न होता: ताप-खोकल्याच्या रुग्णांच्या घरभेटींसाठी नेहमीचा एन-९५ घ्यावा, की चांदी-तांब्याच्या नॅनोकणांचा (विषाणूहूनही बारीक असू शकणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा) लेप असलेला महागडा मास्क?

मुख्य निकष गाळण्याचा. एन-९५ मधील पॉलिप्रोपिलीनच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि तो मास्क ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान ९५ टक्के कण अडवतो. करोना विषाणू सुमारे ०.१ मायक्रॉनचा असला तरी तो सहसा त्याहून मोठ्या थेंबांतून येतो. लेप मात्र काहीच अडवत नाही. अडकलेल्या विषाणूला तो निष्क्रिय करतो, तेही काही वेळाने. त्यामुळे श्वासाचे रक्षण लेपाखालच्या गाळणीवरच अवलंबून राहते.

टिकाऊपणात एन-९५ उणा ठरतो, कारण साबणाने किंवा अल्कोहोलने त्याचा विद्युतभार जातो. लेपही धुण्याने झिजू शकतो. विद्युतभाराऐवजी अतिसूक्ष्म नॅनोतंतूंच्या जाळीवर विसंबणारी गाळणी दमटपणात अधिक टिकते. पण जाळी दाट झाली की श्वास जड होतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांत ती अडचण लहान नव्हे.

रुग्णाजवळ बसणाऱ्यांनी नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ घ्यावा. मास्क वारंवार हाताळावा लागणाऱ्यांना लेपाचा उपयोग आहे, मात्र खालची गाळणी प्रमाणित असेल तरच. जिनिंगमधील (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यातील) धुळीसाठी लेपावर पैसे घालू नयेत.