लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हचं थिएटर, आणि परफेक्ट सिनेमाचं भांडण

परवा आईला घेऊन पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला ‘कुंकू’ बघून आले. रिव्ह्यू त्याच रात्री लिहिणार होते, पण घरी येऊन ग्रुपवर सहज टाकलं की आज परफेक्ट सिनेमा बघितला, आणि झालं, रात्री दीडपर्यंत भांडण. एकाचं म्हणणं एकही चूक नाही, एकही सीन कापता येणार नाही तो परफेक्ट, दुसऱ्याचं म्हणणं शेवट जमला की बाकी सगळं माफ, तिसरा नेहमीप्रमाणे याद्या टाकत बसला. आईला विचारलं तर ती म्हणाली, पदर डोळ्याला लागला पाहिजे पण घरी आल्यावर डोकं दुखता कामा नये. मला तरी यात आईचंच पटलंय, आणि डोकं न दुखण्याचं निम्मं श्रेय थिएटरचं असतं असं माझं ठाम मत झालंय, म्हणून हे लिहितेय.

‘कुंकू’ मी आधी घरी टीव्हीवर बघितला होता. तेव्हा ठीक वाटला होता. खरं सांगायचं तर अर्धा बघितला, अर्धा भांडी घासताना ऐकला. त्यात चित्र ताणून टीव्हीभर पसरलेलं, त्यामुळे नायिका शांता आपटे उगाच गुबगुबीत दिसत होत्या. त्या काळचे सिनेमे जवळपास चौकोनी फ्रेममधे घेतलेले असतात, ते तसेच बघायचे. इथे पडद्याच्या दोन्ही बाजू काळ्या आणि मधे ती चौकट, बस्स. पहिली पाच मिनिटं जरा विचित्र वाटतं, मग लक्षात येतं की चेहऱ्यावरून नजर हलतच नाहीये.

आणि आवाज! १९३७ चा सिनेमा आहे, आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी यात पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. म्हणजे गाणी आहेत, पण बाकी जे काही ऐकू येतं ते त्या घरातलंच, घड्याळाची टिकटिक वगैरे. आता हे टीव्हीवर भांड्यांच्या आवाजात काय कळणार होतं मला? इथे काळोखात ती टिकटिक ऐकली आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरी अडकलेल्या पोरीचं काय होत असेल ते कुणी बोलून न दाखवता कळलं. शेजारी आई श्वास रोखून बसलेली.

हाच सिनेमा मॉलमधल्या मल्टिप्लेक्सला बघितला असता तर? नाव घेत नाही, पण गेल्या महिन्यात एका मल्टिप्लेक्सला एक परदेशी सिनेमा बघायला गेले होते, अगदी शांत, संथ. शेजारच्या स्क्रीनमधली मारामारी भिंतीतून धडाधड येत होती. वर त्या सिनेमाला मुळात मध्यंतरच नाही, तर यांनी बरोबर मधे कापला, बाई बोलायला तोंड उघडते आणि पडद्यावर टू बीएचके फ्लॅटची जाहिरात. शेवटची पाटी यायच्या आत लाइट लागले आणि झाडूवाले आत. त्या सिनेमाला मी तेव्हा पाचपैकी अडीच दिले होते. आता वाटतं की बिचाऱ्यावर अन्याय झाला, पुन्हा बघायला हवा.

ग्रुपवरच्या त्या ‘एकही चूक नको’ पार्टीला मी ‘संत तुकाराम’चं उदाहरण दिलं. १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा, तोही ‘कुंकू’सारखा प्रभात फिल्म कंपनीचाच. शेवटी वैकुंठाला नेणारं विमान येतं ते आजच्या पोराला दाखवलं तर खेळण्यातलं वाटेल, आणि वाटू दे की! तोवर तुकारामांच्या बायकोने, जिजाईने आपल्याला असं घरात ओढून घेतलेलं असतं की ती कावलेली, पोराबाळांचं बघणारी, विठ्ठलालाही न सोडणारी बाई खरी, म्हणून तिच्या गावात उतरलेलं विमानही खरं. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या सिनेमाचा गौरव झाला, तेव्हा तिथल्या लोकांना अभंग किती कळले असतील? पण जिजाई कळलीच असणार. तर बिनचूक आणि परफेक्ट यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं. बिनचूक सिनेमे मी खूप बघितलेत, पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत विसरलेसुद्धा.

बरं, थिएटरबद्दल. झगमगाट अजिबात नाही, पॉपकॉर्नची बादली घेऊन बसायच्या तयारीने जाऊ नका. सिनेमा बघायला आलेली माणसं असतात, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटची पोरं, पिशवी घेतलेले पेन्शनर, एखादी माझ्यासारखी ऑफिसातून पळून आलेली. जुने सिनेमे जपणारी ही अर्काइव्ह संस्था १९६४ ची, आणि पी. के. नायर नावाच्या माणसाने आयुष्य घालून ती उभी केली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चं आज जे काही शिल्लक आहे ते बघायला मिळतं ते त्यांच्यामुळे. आणि गंमत म्हणजे ‘कुंकू’ जिथे बनला तो प्रभात स्टुडिओ, म्हणजे आताची फिल्म इन्स्टिट्यूट, याच रस्त्यावर. मधे जवळजवळ नव्वद वर्षं गेली आणि सिनेमा आपल्याच गल्लीत परत आला. आईला हे सांगितलं तर तिला त्यापेक्षा जास्त अप्रूप याचं की म्हाताऱ्याच्या मुलीचं, सुशीलेचं काम करणाऱ्या शकुंतला परांजपे म्हणजे आपल्या गणितज्ञ रँग्लर परांजप्यांची मुलगी.

रेटिंग साडेचार. अर्धा कापला तो थिएटरचा नाही, आमच्या पुढच्या रांगेतल्या काकांचा. ऐन पत्राच्या सीनला, म्हणजे म्हाताऱ्याला आपली चूक कळते तिथे, यांचा फोन वाजला, रिंगटोन गणपतीची आरती, आणि काकांनी तो उचलून ‘सिनेमात आहे’ असं सगळ्या हॉलला कळेल अशा आवाजात सांगितलं. पुणेकर प्रेक्षक जाणकार वगैरे असतो ना, त्याचं हे असं.

जाणाऱ्यांसाठी: कुठला शो आहे आणि बाहेरच्यांना सोडतात का ते आधी विचारून घ्या, आणि वीस मिनिटं तरी आधी पोचा. संध्याकाळी लॉ कॉलेज रोडला गाडी घेऊन येणं म्हणजे स्वतःहून डोकेदुखी ओढवून घेणं, त्यापेक्षा मेट्रोने नळ स्टॉपला उतरा आणि चालत या. आम्ही परत जाताना चालतच गेलो. आईचे गुडघे दुखतात म्हणून मी रिक्षा बघत होते तर म्हणाली, थांब गं, घाई काय आहे, आणि मग नळ स्टॉप येईपर्यंत एकच चालू, सिनेमातल्या त्या म्हाताऱ्या नवऱ्याचा, काकासाहेबांचा राग यायला हवा ना, मग मला त्यांचं वाईट का वाटलं?