डिस्कोर्सवर प्रोग्रॅमिंगचा मराठी गट: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः 'जनरल'बद्दल

डिस्कोर्स हे चर्चामंच चालवायचं सॉफ्टवेअर. ते सर्व्हरवर कसं बसवायचं हे इथे पुन्हा लिहीत नाही. 2 जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर मुंबई, ठाणे, डोंबिवली, विरार या पट्ट्यातल्या मराठी प्रोग्रॅमरांचा गट आठ महिने नीट चालला आहे. स्वतःच बसवलं असल्यामुळे माणशी वर्गणी नाही. वेग, बॅकअप, फोनवरचं दिसणं, कशाचीच तक्रार नाही. मनस्ताप झाला तो कॅटेगऱ्यांचा, म्हणजे प्रश्न ज्या खणांत टाकले जातात त्यांचा, आणि त्यातही 'जनरल' या एकाच कॅटेगरीचा. गेल्या आठवड्यात एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला आणि आधीची दोन्ही उत्तरं 'जनरल'मध्ये गाडलेली निघाली, म्हणून हे सविस्तर.

तो प्रश्न असा. शीर्षक: 'एरर येतोय, मदत हवी'. खाली लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोनने काढलेला तिरपा फोटो. झूम केल्यावर वाचता येतं की 'रिक्वेस्ट्स' नावाचं मॉड्यूल सापडत नाही. विचारणारा सांगतो, पिपने (पायथनची मॉड्यूल बसवणारं साधन) इन्स्टॉल केलंय, 'सक्सेसफुली' असंही आलं. कारण नेहमीचंच: मशीनवर दोन पायथन आहेत, पिप एकाचा आणि प्रोग्रॅम चालतोय दुसऱ्यावर. नुसतं 'पिप इन्स्टॉल' न करता, ज्या पायथनवर प्रोग्रॅम चालतो त्यालाच 'डॅश एम पिप इन्स्टॉल' सांगितलं की काम होतं. दोन मिनिटांचं उत्तर. पण हा प्रश्न टाकायचा कुठे? 'पायथन'मध्ये? 'विंडोज'मध्ये? 'एडिटर आणि टूल्स'मध्ये? कारण कळल्यावर आपण सांगू शकतो. विचारणाऱ्याला कारणच माहीत नाही, म्हणून तर तो विचारतोय. तो बिचारा 'जनरल' निवडतो.

खरं तर निवडतही नाही. नव्या डिस्कोर्समध्ये टॉपिक लिहायला घेतला की कॅटेगरीच्या जागी 'जनरल' आधीच भरलेलं असतं. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने टाइप करणारा माणूस ते बदलायला जात नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष मानत नाही, सेटिंग आपणच तसं ठेवलेलं असतं. ॲडमिनच्या सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट कंपोझर कॅटेगरी' रिकामी करा आणि 'अलाउ अनकॅटेगराइज्ड टॉपिक्स' बंद करा. मग कॅटेगरी निवडल्याशिवाय टॉपिक पुढे जात नाही. या दोन सेटिंग्जनी जेवढा फरक पडला तेवढा नियमावलीच्या पिन केलेल्या पोस्टने कधीच पडला नाही.

आता एक मत मागे घेतो. तीन महिन्यांच्या वापरानंतर लिहिलं होतं की भाषावार सबकॅटेगऱ्या सर्वांत चांगल्या: पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, सी प्लस प्लस, एसक्यूएल. ते चुकलं. उत्तर देणाऱ्याला ती मांडणी सोयीची वाटते, कारण तो 'माझी भाषा' उघडून बसतो. पण कॉर्सचा प्रश्न घ्या, म्हणजे एका साइटच्या पानाला दुसऱ्या सर्व्हरकडून माहिती घेऊ द्यायची का, या ब्राउझरच्या नियमाचा. एरर दिसतो ब्राउझरमध्ये, जावास्क्रिप्टच्या ओळीवर. दुरुस्ती करायची असते सर्व्हरवर, तोही पायथनमधल्या फ्लास्क या वेब फ्रेमवर्कचा. प्रश्न जावास्क्रिप्टमध्ये पडतो, ज्याला उत्तर येतं तो पायथनमध्ये बसलेला असतो, आणि दोन दिवस कोणी फिरकत नाही.

म्हणून पाचव्या महिन्यात सगळं उचकटलं. 'मदत' ही वरची कॅटेगरी आणि तिच्या पोटात पाच सबकॅटेगऱ्या: 'इन्स्टॉल किंवा सुरूच होत नाही', 'एरर येतो', 'चालतं पण उत्तर चुकतं', 'कसं लिहायचं कळत नाही', 'माझा कोड तपासा'. ही पाचही नावं विचारणाऱ्याला त्या क्षणी जे माहीत असतं त्यावरून ठेवली आहेत. वरचा पायथनचा प्रश्न डोळे झाकून 'एरर येतो'मध्ये जातो. 'मदत'च्या सिक्युरिटी टॅबमध्ये सर्वांना फक्त 'सी' (पाहणं) आणि 'रिप्लाय' (उत्तर देणं) ठेवा, 'क्रिएट' (नवा टॉपिक काढणं) काढा. नाहीतर ती वरची कॅटेगरीच नवा 'जनरल' होते.

भाषा टॅगमध्ये गेली. 'भाषा' नावाचा टॅग ग्रुप करा आणि कॅटेगरीच्या टॅग सेटिंगमध्ये त्यातला किमान एक टॅग सक्तीचा ठेवा. ग्रुपमधून एकच टॅग घेण्याचं बंधन मात्र घालू नका, कॉर्ससारख्या प्रश्नाला दोन लागतात. उत्तर देणारे आता आपापल्या टॅगवर 'वॉचिंग' लावतात आणि पाचही खणांतले त्यांच्या भाषेचे प्रश्न त्यांना कळतात. मराठीत एक कटकट हमखास होते: पायथन, पायथॉन आणि रोमन अक्षरांतला, असे एकाच गोष्टीचे तीन टॅग तयार होतात. एक मुख्य ठेवून बाकीचे त्याचे सिनोनिम करा, जुने टॉपिकही आपोआप त्याखाली येतात. कॅटेगरीचा स्लग, म्हणजे दुव्यात दिसणारं तिचं नाव, मात्र रोमन अक्षरांत हाताने भरा. देवनागरी स्लगचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणांची हातभर माळ होते आणि लोक तिला स्पॅम समजतात.

प्रत्येक सबकॅटेगरीला वेगळा टॉपिक टेम्प्लेट देता येतो. हे वैशिष्ट्य फार कमी जण वापरतात. 'एरर येतो'च्या टेम्प्लेटमध्ये तीनच ओळी आहेत: काय चालवलं, एररचा पूर्ण मजकूर (फोटो नको), विंडोज की लिनक्स. मजकुराच्या जागी आधी तीन आणि नंतर तीन बॅकटिक (` हे चिन्ह, त्यांच्यामधला मजकूर जसाच्या तसा दिसतो) भरून ठेवले आहेत. बऱ्याच फोनच्या कीबोर्डवर बॅकटिक चिन्हांच्या दुसऱ्या पानावर असतो, मराठीत टाइप करणारा तिथवर पोचत नाही, आणि पायथनच्या कोडमधली इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) निघून गेली की तो कोड वाचूनही उपयोग नसतो.

'इतर' नावाची वाटी हवी की नको, हा जुना प्रश्न आहे. 1987मध्ये पुऱ्या झालेल्या पुनर्रचनेत युजनेट या जुन्या चर्चाजाळ्याचे गट सात मुख्य शाखांत वाटले गेले, आणि त्यातली एक अख्खी शाखाच 'मिस्क', म्हणजे 'इतर', होती. पुढे पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या गटाचे तुकडे झाले तेव्हाही मुख्य गप्पा 'कॉम्प.लँग.पर्ल.मिस्क'मध्येच चालू राहिल्या. इतक्या वर्षांत ज्याला कोणी हटवू शकलं नाही, ते बंद करायचा हट्ट आम्ही एक महिना केला. लोक मग बसत नसलेला प्रश्न कुठल्याही खणात कोंबू लागले आणि 'माझा कोड तपासा'मध्ये प्रॅक्टिकलच्या जर्नलची इंडेक्स कशी लिहायची याच्या चौकश्या आल्या. आता 'कुठे टाकू कळत नाही' अशी सबकॅटेगरी उघडी आहे, यादीत सर्वांत खाली, आणि ती दर रविवारी रिकामी केली जाते. मॉडरेटर टॉपिक एकदम निवडून कॅटेगरी बदलतात. ट्रस्ट लेव्हल 3 वरचे (डिस्कोर्सने नियमित वावरामुळे जास्त अधिकार दिलेले) सभासदही एकेका टॉपिकची कॅटेगरी आणि शीर्षक बदलू शकतात, त्यामुळे भार एकट्यावर पडत नाही. टॉपिकचा आयडी तोच राहत असल्याने जुने दुवे तुटत नाहीत. हलवताना शीर्षकही बदलाच. 'एरर येतोय, मदत हवी'चं 'रिक्वेस्ट्स इन्स्टॉल करूनही मॉड्यूल सापडत नाही' झालं नाही, तर चौथा माणूस पुन्हा तेच विचारणार.

जुना 'जनरल' अजून आहे. आत टॉपिक असेपर्यंत कॅटेगरी डिलीट होत नाही, आणि घाईने सगळं एकाच खणात ओतणं म्हणजे कचरा हलवणं. त्याचं 'क्रिएट' काढलंय, रोज रात्री दहा-बारा टॉपिक वाचून हलवले जातात. सेमिस्टरच्या परीक्षेआधी ते संपवायचं आहे, कारण त्या पंधरवड्यात नवेच प्रश्न आवरत नाहीत.

आणखी एका सबकॅटेगरीची मागणी आली आहे, एआयची. तूर्त तिला टॅग दिलाय. त्या टॅगचे प्रश्न या पाच खणांत सुखाने बसतायत, तोवर नवा खण पाडणार नाही.