पोन्झू: विकतची बाटली की घरची बरणी?

पोन्झू म्हणजे सोया सॉस आणि आंबट फळाच्या रसाचा जपानी सॉस. आधी निकाल सांगते. वर्षभर हाताशी असावा म्हणून मिझकान कंपनीचा आजिपोन घ्या. कुणाला भेट द्यायची असेल, किंवा युझू या लिंबासारख्या जपानी फळाचा वास म्हणजे काय हे पहिल्यांदाच अनुभवायचं असेल, तर कोची प्रांतातल्या उमाजी गावाची बाटली घ्या. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पिवळेधमक युझू बाजारात आले की एक बरणी घरी घालाच, कारण ती चव मला तरी अजून कुठल्या बाटलीत मिळालेली नाही. घरात कोणी कट्टर शाकाहारी असेल तर तुलनेच्या भानगडीत पडूच नका, घरीच करा.

मी तोक्योत, निशि-कासाईला राहते. मूळची रत्नागिरीची, त्यामुळे आंबट आणि मासे या दोन गोष्टींवर माझं प्रेम आहे आणि मतंही ठाम आहेत. पोन्झू इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतो. सोया सॉस, म्हणजे इथला शोयू, त्यात आंबट फळाचा रस, थोडी मिरिन, म्हणजे स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू, आणि कोंबू ही समुद्री वनस्पती व कात्सुओबुशी या वाळवलेल्या माशाच्या पापड्या यांचा अर्क. हिवाळ्यात टेबलावर मातीच्या भांड्यात भाज्या, टोफू, मासे उकळत ठेवतात. त्यातला तुकडा काढायचा आणि छोट्या वाटीतल्या पोन्झूत बुडवून खायचा. भांड्यातलं पाणी जवळपास अळणी असतं. मीठ, आंबट, खमंगपणा, सगळं त्या वाटीतून येतं. म्हणून वाटीत काय आहे याला एवढं महत्त्व.

आजिपोनपासून सुरुवात करते. मिझकान ही आइची प्रांतातल्या हान्दाची कंपनी, 1804 पासून व्हिनेगर करणारी. आजिपोन त्यांनी 1964 मध्ये बाजारात आणला आणि 1967 पासून तो देशभर मिळू लागला. त्याआधी पोन्झू ही मुख्यतः पश्चिम जपानच्या हॉटेलांतली गोष्ट होती. तोक्योच्या घरांत तो रुळला तो या बाटलीमुळे. आता कुठल्याही सुपरमार्केटात, कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातसुद्धा तो दिसतो. चव सरळ आहे: आधी व्हिनेगरचा ठसका, मग गोडसरपणा, मग शोयू. फळाचा वास आहे, पण मागे उभा राहतो. ग्योझांना, म्हणजे इथल्या मोमोसारख्या तव्यावरच्या पदार्थाला, हा उत्तम. भाजलेल्या साबा माशावर, म्हणजे आपल्या बांगड्याच्या भाऊबंदावर, किसलेल्या पांढऱ्या मुळ्याचा गोळा ठेवून वर हा ओतला की माशाचा तेलकटपणा लगेच कापला जातो. अशा तेलकट, तव्यावरच्या खाण्याला नाजूक वासाचा पोन्झू वाया जातो, इथे आजिपोनच पाहिजे. भातावर ओतायला मात्र मला तो गोड लागतो.

उमाजीची बाटली वेगळ्या जातीची. कोची प्रांताच्या पूर्वेला डोंगरात असलेलं हे गाव, वस्ती हजाराच्या आतली. पूर्वी सगळं जगणं देवदारासारख्या उंच सुगी झाडांच्या लाकडावर. लाकडाचा धंदा उतरला तेव्हा परसातल्या वेड्यावाकड्या युझूंकडे गावच्या शेतकरी संस्थेचं लक्ष गेलं. दिसायला ते डागाळलेले, फळ म्हणून विकायला कमी प्रतीचे. पण रस काढला की डाग कोण बघतं? 1986 मध्ये त्यांनी ‘युझूचं गाव’ या नावाने पोन्झू काढला आणि 1988 मध्ये तोक्योच्या एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमधल्या गावांच्या प्रदर्शनात त्याला पहिला मान मिळाला. आज जपानातल्या युझूपैकी साधारण निम्मा एकट्या कोची प्रांतात होतो. बाटली उघडताच जो वास येतो तो खरा युझूचा: लिंबाची धार, संत्र्याच्या सालीचा गोडवा आणि त्यात काहीतरी फुलासारखं. गरम टोफूला हा फार शोभतो. कोचीत पेंढ्याच्या जाळावर वरवर भाजलेला कात्सुओ मासा, लसणाचे काप आणि वर असाच पोन्झू हे जेवण ठरलेलं आहे. तोक्योत गिन्झा इत्चोमेला कोची प्रांताचं ‘मारुगोतो कोची’ हे दुकान 2010 पासून आहे. तिथे निरनिराळ्या गावांचे पोन्झू एकाच फळीवर पाहायला मिळतात आणि शुद्ध युझूच्या रसाच्या बाटल्याही. कोचीची माणसं हा रस व्हिनेगरऐवजी सुशीच्या भातातसुद्धा घालतात.

मग घरी कशाला करायचा?

पहिलं कारण आमच्या घरातलं. सासूबाई पुण्याच्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या. हिवाळ्यात त्या आमच्याकडे येतात. बाजारातल्या बहुतेक चांगल्या पोन्झूंच्या लेबलावर ‘कात्सुओ’ लिहिलेलं असतं, कारण चवीचा पाया वाळवलेल्या, धुरवलेल्या कात्सुओ माशाच्या पापड्यांचा असतो. त्या पापड्यांमध्ये इनोसिनेट असतं आणि कोंबू या समुद्री वनस्पतीत ग्लुटामेट. रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबूतूनच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. ही दोन एकत्र आली की चव नुसती दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणून मासा काढून टाकला आणि जागा रिकामी ठेवली तर पोन्झू पोकळ लागतो. ती जागा वाळवलेले शिइताके मशरूम भरतात. त्यांच्यात ग्वानिलेट असतं आणि तेही कोंबूच्या ग्लुटामेटशी तशीच जोडी जमवतं. मासा नसलेला पोन्झू म्हणजे तडजोड असं कोणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही. त्याची चव जरा मातीसारखी गंभीर असते, आणि टोफूबरोबर मला तीच जास्त आवडते.

यूदोफूच्या वेळी सासूबाईंसमोर हा पोन्झू ठेवला. कोंबूच्या पाण्यात नुसता उकळलेला टोफू, बाकी काही नाही. पहिला तुकडा बुडवून खाल्ला आणि म्हणाल्या, “अगं, याला ना फोडणी ना तिखट, तरी तोंडाला केवढी चव आली! वाटीत अजून घाल बरं थोडं.” आता दरवेळी परत जाताना त्यांच्या बॅगेत कोंबूचं एक पाकीट असतं.

दुसरं कारण ताजा रस. युझूचा वास मुख्यतः सालीतल्या तेलात असतो. म्हणून फळ आडवं कापायचं आणि अर्ध्या फोडीची साल खाली, कापलेला भाग वर ठेवून पिळायचं. रस सालीवरून ओघळत खाली येतो आणि तेल बरोबर घेऊन येतो. हाताने, बेताच्या जोराने. पार मुरगळून पिळलं की सालीआतला पांढरा भाग कडूपणा सोडतो. युझूत बिया भरमसाट असतात आणि रस अगदी कमी, एका फळातून जेमतेम चहाचे तीन-चार चमचे. एका बरणीला पिशवीभर फळं लागतात हे धरूनच चाला. पैशाचा हिशेब केला तर घरचा पोन्झू बाटलीपेक्षा महागच पडतो, स्वस्त पडेल म्हणून करायला घेऊ नका. फळं महाग वाटली तर निम्मा ताजा रस आणि निम्मा बाटलीतला शुद्ध रस घ्या. वास ताज्या रसातून येतो, आंबटपणा दोन्हींतून.

माझं माप असं. शोयू 150 मिली, युझूचा रस 100 मिली, तांदळाचं व्हिनेगर 30 मिली, मिरिन 40 मिली, बोटभर लांबीचा कोंबूचा तुकडा, आणि मूठभर कात्सुओबुशी किंवा त्याऐवजी दोन वाळवलेले शिइताके. मिरिन खरी, म्हणजे ‘होन-मिरिन’ घ्यायची. तिच्यात सुमारे 14 टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ती दारूच्या नियमांत येते आणि गल्ल्यावर वय विचारलं तर गोंधळू नका. ती आधी छोट्या पातेल्यात मिनिटभर उकळून अल्कोहोल उडवायचं आणि पूर्ण गार होऊ द्यायची. त्या पातेल्याखेरीज या कामात गॅस कुठेच नाही. रस गरम केला की वास गेला. कोंबू उकळला की बुळबुळीत होतो आणि समुद्राचा उग्र वास देतो. सगळं काचेच्या बरणीत एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पातळ फडक्यातून गाळायचं. फडकं पिळू नका, आपोआप गळेल तेवढंच घ्या, नाहीतर पोन्झू गढूळ होतो आणि माशाची कडवट चव उतरते.

गाळल्याबरोबर चाखलात तर बिचकाल. आंबट वेगळं, खारट वेगळं, दोघं आपापल्या कोपऱ्यात उभे असतात. आठवडाभर हात लावू नका. मुरलेल्या लोणच्यात मीठ आणि मोहरी जशी एकजीव होतात तसंच इथे होतं. आठवड्यानंतर धार गोल होते, गोडवा वर येतो. दोन-तीन महिने तो फ्रिजमध्ये व्यवस्थित टिकतो. वास मात्र सगळ्यांत आधी कमी होतो, म्हणून मी मोठी बरणी न घालता छोट्या घालते.

शोयू कोणता, यावर माझं मत पक्कं आहे. साधा गडद कोइकुचि, लाकडी पिंपातला मिळाला तर फारच छान. फिकट रंगाचा उसुकुचि दिसायला सुंदर, पण त्यात मीठ जास्त असतं, सुमारे 18 टक्के, तर कोइकुचित 16च्या आसपास. पोन्झूत निम्म्याच्या आसपास रस, व्हिनेगर आणि मिरिन असल्यामुळे मीठ तसंही बरंच पातळ होतं आणि जेवताना आपण शोयूपेक्षा कमी मीठ खातो. घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर रस वाढवा, शोयू कमी करा. बाटलीत ही सोय नाही.

भारतातून विचारणा होते ती नेहमी एकच: युझू नाही, मग? कागदी लिंबू दोन वाटे, आंबटसर संत्रं एक वाटा, आणि संत्र्याच्या सालीचा नुसता नारिंगी थर अगदी बारीक किसून चिमूटभर. हा युझू नव्हे, पण चांगला पोन्झू नक्की आहे. खुद्द जपानातसुद्धा दाइदाइ या कडवट संत्र्याचा पोन्झू जुना आणि मानाचा आहे, तेव्हा युझू नसला म्हणून हात आखडायचं कारण नाही. ईडलिंबू मिळालं तर त्याच्या सालीचा किस घालून पाहा, मला तो वास युझूच्या जास्त जवळचा वाटतो. शोयू मात्र जपानी पद्धतीने आंबवलेलाच घ्या. नूडल्सच्या गाडीवरचा काळा, दाट सोया सॉस घातलात तर रस कुठे गेला ते कळणार नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत जपानी शोयू मिळतो. कोंबू शोधावा लागतो, आणि नाहीच मिळाला तर शिइताके दोनाऐवजी चार घ्या.

घरचा पोन्झू मी कशावर घालते? भाजून सोललेल्या वांग्यावर, वर आल्याचा किस. वाफवलेल्या भेंडीवर, वर भाजलेले तीळ. उकडलेल्या कोबीवर. मुलगी नुसत्या गरम भातावर घालते आणि वर तूप सोडते, आणि खरंच चांगलं लागतं. तळणीवर आणि ग्योझांवर घरची बरणी मी काढत नाही, तिथे आजिपोन आहे.

युझूचा हंगाम संपला तरी वाट पाहत बसायला नको. ऑगस्टपासून सुदाची येतात, हिरवी, सुपारीपेक्षा थोडी मोठी, जवळजवळ सगळी तोकुशिमा प्रांतातली. त्यांचा रस युझूपेक्षा तीक्ष्ण असतो, म्हणून व्हिनेगर पूर्ण वगळायचं आणि मिरिन चमचाभर वाढवायची. ओइता प्रांतातले काबोसु आकाराने मोठे आणि चवीला सौम्य. रस भरपूर निघतो, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याने त्यांच्यापासून सुरुवात केली तर खर्चही कमी येतो.