राज्यागणिक सर्वोत्तम कॉलेज खेळाडू कोण? या वादात 'स्पोर्ट्स रेफरन्स' कितपत कामाला येते

मार्च महिन्यात कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली की अमेरिकेतल्या ऑफिसांत एक वाद हमखास रंगतो: प्रत्येक राज्याने दिलेला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू कोणता? पन्नास राज्ये, पन्नास नावे. ऐकायला सोपे वाटणारे हे काम दोन-तीन राज्यांतच अडते आणि मग कोणीतरी फोन काढून 'स्पोर्ट्स रेफरन्स'चा कॉलेज बास्केटबॉल विभाग उघडतो. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या आणि या खेळाच्या नादी लागलेल्या अनेक मराठी मंडळींना हे संकेतस्थळ परिचित असेल. प्रस्तुत परीक्षणात मी ते एकाच कसोटीवर तपासले आहे, ती म्हणजे हा राज्यवार वाद मिटवण्यासाठी त्याचा कितपत उपयोग होतो. नोंदी पुरवण्यात ते अव्वल आहे. निकाल देण्याचे काम मात्र त्याच्यावर सोपवले तर फसगत होते.

आधी सेवेविषयी. फिलाडेल्फियातील ही कंपनी बेसबॉलच्या आकडेवारीसाठी प्रथम नावारूपाला आली आणि पुढे तिने इतर खेळांसाठीही तशीच संकेतस्थळे उभी केली. मूळ माहिती विनामूल्य आहे. तिची किंमत आपण जाहिराती सोसून चुकवतो. खेळाडूच्या पानावर सर्वांत वर त्याची उंची, खेळण्याची जागा, मूळ गाव आणि हायस्कूल दिलेले असते आणि त्याखाली हंगामवार तक्ते असतात: सामने, गुण, रिबाउंड (चुकलेल्या फटक्यानंतर हस्तगत केलेला चेंडू), असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास), नेमबाजीची टक्केवारी. स्तंभाच्या शीर्षकावर टिचकी मारली की तक्ता त्या क्रमाने लागतो. सजावट जवळजवळ शून्य आहे आणि ती मला या संकेतस्थळाची मोठी जमेची बाजू वाटते, कारण वाद ऐन रंगात आला असताना कोणालाही चलच्चित्रे नको असतात; त्याला आकडा हवा असतो, आणि तो इथे दोन टिचक्यांत मिळतो.

पीट मॅराविच यांचे पान उदाहरणादाखल पाहण्यासारखे आहे. लुईझियाना स्टेट विद्यापीठाकडून 1967-68 ते 1969-70 या तीन हंगामांत त्यांनी 83 सामन्यांत 3,667 गुण केले, सरासरी 44.2. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो, परंतु त्याच ओळीत उजवीकडे सरकले की त्यांनी सामन्यागणिक सुमारे 38 वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू टाकल्याचे दिसते आणि नेमबाजीची टक्केवारी 44 च्याही किंचित खाली असल्याचे कळते. प्रशिक्षक त्यांचे वडीलच होते, हे येथे लक्षात ठेवावे. दुसरीकडे, तीन गुणांच्या फटक्याचा स्तंभ संपूर्ण रिकामा आहे, कारण ज्या रेषेबाहेरून मारलेल्या फटक्याला तीन गुण मिळतात, ती रेषा देशभरातील कॉलेज खेळात 1986-87 च्या हंगामात आली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळण्यास त्या काळी मनाई होती, त्यामुळे चौथा हंगामही नाही. म्हणजे एकाच पानावर मॅराविच यांच्या बाजूचा आणि त्यांच्या विरोधातला असा दोन्ही पुरावा हजर असतो. मात्र रिकाम्या जागांचा अर्थ वाचकाला स्वतः लावावा लागतो.

आता राज्याकडे वळू. कॉलेज विभागात खेळाडूंची राज्यवार यादी मला मिळाली नाही. ती आहे 'बास्केटबॉल रेफरन्स' या व्यावसायिक खेळाच्या भावंड संकेतस्थळावर. तेथे जन्मस्थळानुसार एक यादी आहे आणि हायस्कूलनुसार दुसरी. दोन्ही याद्यांत व्यावसायिक लीगमध्ये खेळलेलेच लोक असल्यामुळे, जो खेळाडू कॉलेजात गाजला पण पुढे व्यावसायिक झाला नाही, त्याचे नाव तेथे सापडणार नाही. याहून मोठी अडचण अशी की या दोन याद्या अनेकदा एकमेकींशी जुळत नाहीत. लग्नाच्या पंगतीत 'मूळचे कुठले?' या प्रश्नाला जन्मगाव, वडिलोपार्जित गाव आणि शिक्षणाचे गाव अशी तीन वेगळी उत्तरे निघावीत, तसाच हा प्रकार आहे.

बिल रसेल यांचा जन्म लुईझियानातील मन्रो या गावचा, परंतु ते वाढले, शिकले आणि खेळले कॅलिफोर्नियात. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला त्यांनी 1955 आणि 1956 अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. मायकेल जॉर्डन यांचा जन्म ब्रुकलिनमध्ये झाला, म्हणून जन्मस्थळाच्या यादीत ते न्यूयॉर्कचे ठरतात. ते जेथे वाढले त्या उत्तर कॅरोलिनातील विल्मिंग्टनमधल्या कोणालाही ही गोष्ट सांगून पाहावी. मॅराविच यांचे प्रकरण सर्वांत अवघड आहे: जन्म पेनसिल्व्हेनियात, बालपण आणि हायस्कूल दोन्ही कॅरोलिनांत, कॉलेज लुईझियानात. चार राज्ये त्यांच्यावर हक्क सांगू शकतात आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडेफार तथ्य आहे.

हायस्कूल ही कसोटी त्यातल्या त्यात न्याय्य आहे असे मला पूर्वी वाटत असे आणि जुन्या खेळाडूंपुरते आजही वाटते. परंतु हल्ली गुणी मुले हायस्कूलच्या मध्यावरच दूरच्या निवासी अकादमीत जातात आणि तेथे ही कसोटी लंगडी पडते. कूपर फ्लॅग हा मेन राज्यातल्या न्यूपोर्टचा मुलगा. पहिल्या वर्षी त्याने गावाकडच्या नोकोमिस शाळेला राज्य विजेतेपद मिळवून दिले आणि नंतर तो फ्लोरिडातील मॉन्टव्हर्ड अकादमीत दाखल झाला. ड्यूक विद्यापीठात 2024-25 च्या एकाच हंगामात सरासरी 19.2 गुण करून तो वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. शेवटची शाळा पाहिली तर फ्लॅग फ्लोरिडाचा ठरतो, आणि असा निष्कर्ष मेनमधल्या शेंबड्या पोरालाही पटणार नाही. खेळाडूच्या पानावरील 'मूळ गाव' ही नोंद अशा वेळी कामाला येते; ती शाळेच्या वरचढ मानावी, असा नियम वाद सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावा.

या नियमाची खरी परीक्षा मोठ्या राज्यांत होत नाही, अलास्कात होते. तेथे तीन नावे पुढे येतात: ट्राजन लँग्डन, कार्लोस बूझर आणि मारिओ चाल्मर्स. जन्मस्थळाची यादी उघडली तर तिघांपैकी एकटे चाल्मर्स अलास्काखाली सापडतात, कारण लँग्डन यांचा जन्म कॅलिफोर्नियातील पालो आल्टोचा आणि बूझर यांचा तर जर्मनीतला. हायस्कूलच्या यादीत मात्र अँकरेज आणि जूनो या दोन गावांच्या शाळांखाली तिघेही परत येतात. चाल्मर्स यांच्या बाजूने एक फटका आहे: 2008 च्या अंतिम सामन्यात मेम्फिसविरुद्ध अवघे दोन सेकंद उरले असताना त्यांनी तीन गुणांचा फटका मारून बरोबरी साधली आणि पुढे जादा वेळेत त्यांचे कॅन्सस विद्यापीठ जिंकले. बूझर यांच्या बाजूने ड्यूकचे 2001 चे विजेतेपद आहे आणि त्यापुढच्या हंगामातली ओळ आहे: सरासरी 18.2 गुण, 8.7 रिबाउंड, नेमबाजी 66.5 टक्के. संकेतस्थळावर दोन्ही पाने शेजारी शेजारी उघडून ठेवली तर बूझर यांचे पारडे स्पष्टपणे जड दिसते. चाल्मर्स यांचा तो एक फटका तक्त्यात तीन गुणांपुरताच मोजला जातो. मी बूझर यांना मत दिले असते, पण ते मत देताना तक्ता काय दाखवत नाही याची जाणीव ठेवूनच.

कॉलेज आणि व्यावसायिक खेळ यांच्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळे ठेवणे ही या कंपनीची मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे. उत्तर कॅरोलिनाचे नाव निघताच लोक डोळे मिटून जॉर्डन म्हणतात. प्रश्न कॉलेज खेळाडूचा आहे हे ते विसरलेले असतात. जॉर्डन यांचे कॉलेजचे पान उघडले तर तीन हंगामांत सरासरी 17.7 गुण दिसतात. 1982 च्या अंतिम सामन्यातील विजयी फटका आणि 1984 चा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यात मिळवला तरी शेल्बीच्या डेव्हिड थॉम्पसन यांच्या कॉलेज कारकिर्दीपुढे ते कमीच पडतात. थॉम्पसन यांची सरासरी 26.8 आहे. 1974 मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटने उपांत्य सामन्यात, दोनदा जादा वेळ खेळून, सलग सात वर्षे विजेत्या राहिलेल्या यूसीएलए या कॅलिफोर्नियातील विद्यापीठाला 80-77 असे हरवले आणि मग विजेतेपदही पटकावले, त्या संघाचे ते प्राण होते. त्यांच्या संपूर्ण कॉलेज कारकिर्दीत डंक मारण्यास, म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबण्यास, बंदी होती. उड्डाणासाठी ख्याती पावलेल्या या खेळाडूने हे गुण डंकविना केले, ही गोष्ट कोणत्याच स्तंभात येत नाही.

रिकाम्या रकान्यांचा विषय येथेच संपत नाही. रसेल यांची ओळखच मुळी प्रतिस्पर्ध्याचे फटके अडवण्यासाठी होती, आणि ब्लॉकची अधिकृत नोंद कॉलेज खेळात 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत होतच नव्हती. त्यामुळे केवळ तक्ता पाहणाऱ्या नव्या वाचकाला ते बऱ्यापैकी गुण आणि भरपूर रिबाउंड घेणारे एक मध्यवर्ती खेळाडू एवढेच वाटतील. हंगामातील खेळाडूचे एकूण मोल एका आकड्यात मांडणारी आधुनिक परिमाणे जुन्या हंगामांसाठी नाहीत, आणि असणे शक्यही नाही. शिवाय हा विभाग प्रामुख्याने पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांचा आहे. फिलाडेल्फियाचे अर्ल मन्रो यांनी 1966-67 मध्ये विन्स्टन-सेलम स्टेट या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजकडून सरासरी 41.5 गुण केले आणि आपल्या श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपदही जिंकले. पेनसिल्व्हेनियाच्या वादात विल्ट चेंबरलेन यांच्यासमोर त्यांचे नाव निदान निघाले तरी पाहिजे. केवळ पहिल्या श्रेणीचे तक्ते पाहणाऱ्याला ते सुचणारच नाही.

महिला खेळाडूंच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते. राष्ट्रीय कॉलेज संघटनेने महिलांची स्पर्धा 1981-82 पासून भरवली. त्यापूर्वी त्यांचा खेळ वेगळ्या संघटनेच्या अखत्यारीत होता आणि त्या काळातील विक्रम अधिकृत पुस्तकांत धरले गेले नाहीत. विचिटाच्या लिनेट वुडर्ड यांनी कॅन्सस विद्यापीठाकडून 1981 पर्यंत 3,649 गुण केले होते. आयोवाच्या केटलिन क्लार्कने 2024 मध्ये आधी तो आकडा आणि काही दिवसांतच मॅराविच यांचा आकडा मागे टाकला, तेव्हा कित्येकांनी वुडर्ड यांचे नाव प्रथमच ऐकले. क्लार्कचे पान मात्र डोळे निववणारे आहे: चार पूर्ण हंगाम, 3,951 गुण, एकही रकाना रिकामा नाही; शिवाय जन्म, शाळा आणि कॉलेज तिन्ही आयोवाचे. पन्नास राज्यांच्या यादीत इतके निर्विवाद नाव क्वचितच मिळते. डेलावेअरची एलेना डेले डॉन हे तसेच दुसरे नाव. पुरुष आणि महिला यांची एकच यादी करावी की दोन, हे ज्याचे त्याने ठरवावे; मी एकच करतो, त्यामुळे लहान राज्यांची यादी अधिक भरीव होते.

पन्नासांच्या चौकटीत न बसणारेही काही आहेत. एल्जिन बेलर वॉशिंग्टन डी. सी.चे, टिम डंकन व्हर्जिन बेटांवरचे. दोघांसाठी यादीच्या शेवटी वेगळी ओळ ठेवावी, इतकेच.

शेवटी इंडियाना, जेथे हा वाद सर्वांत जास्त तापतो. लॅरी बर्ड यांचे सगळेच इंडियानाचे: फ्रेंच लिकचे बालपण, इंडियाना स्टेटचे तीन हंगाम, सरासरी 30.3 गुण आणि 13.3 रिबाउंड, आणि 1979 मध्ये एकही सामना न हरता अंतिम फेरीपर्यंतची वाटचाल. ऑस्कर रॉबर्टसन टेनेसीत जन्मले, इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्स शाळेला त्यांनी सलग दोनदा राज्य विजेतेपद मिळवून दिले आणि कॉलेजसाठी ते ओहायोत, सिनसिनाटीला गेले. तेथे सरासरी 33.8 गुण, 15.2 रिबाउंड. मूळ गावाचा नियम लावला तर रॉबर्टसन इंडियानाचेच ठरतात आणि आकड्यांतही ते पुढे आहेत. त्या काळी खेळ वेगवान होता आणि चुकणारे फटके अधिक असल्यामुळे रिबाउंडही अधिक मिळत, ही सूट बर्ड यांना दिली तरीही माझे मत रॉबर्टसन यांनाच जाते.

राहिला प्रश्न पैशांचा. 'स्टॅटहेड' ही याच कंपनीची सशुल्क शोधसेवा आहे. गुण, रिबाउंड, वर्ष अशा अटी लावून खेळाडू गाळून काढण्यासाठी ती उपयुक्त आहे. आधुनिक हंगामांची तुलना वारंवार करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. राज्यवार यादीसाठी मात्र विनामूल्य पाने पुरेशी आहेत, कारण जी माहिती मुळात नोंदलीच गेली नाही ती पैसे मोजूनही मिळत नाही. फोनवर रुंद तक्ते आडवे सरकवत बसावे लागते आणि मध्येच जाहिराती येतात, म्हणून दोन खेळाडूंची पाने शेजारी ठेवून पाहायची असतील तर संगणकच बरा.